पुढची विहीर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आलोय. धंद्याने नेटवर्कवाला माणूस... लाइट लागला नाही तर कुठेतरी कारण असतं, ते शोधायचं, एवढाच माझा देवधर्म. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली.

नांदूरघाट, तालुका केज. नव्वदचं दशक संपत आलेलं. पुण्यात कॉम्प्युटर क्लासांचं पेव फुटलं होतं, आणि नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची म्हणून मी पुण्याची खोली सोडून अभ्यासाला मामाकडे येऊन राहिलो. मामा मोटार रिवाइंडिंग करायचा. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे दोघांचा माझ्यावर भारी जीव.

माझं घोडं अडलं होतं राउटिंगच्या ऑथेंटिकेशनवर. दोन राउटर एकमेकांना रस्ते सांगतात. पण सांगणारा खरा की तोतया, हे कसं ओळखायचं? तर दोघांत एक गुपित ठरलेलं असतं. ते गुपित तारेवरून कधी पाठवायचं नाही, त्यावरून काढलेली खूण तेवढी पाठवायची. शिवाय निरोपाचा नंबर पुढे पुढे सरकतो. कुणी जुनाच निरोप चोरून परत पाठवला तर पकडला जातो.

मी हे मोठ्याने पाठ करत होतो. ज्वारी पाखडता पाखडता मामी म्हणाली, "ही तर हाकामारीची गोष्ट हाय. दारातून कुनी नाव घेतलं तर तीन हाका होईस्तोर ओ देऊ न्हाई. त्या भुतणीला एकच हाक मारता येती."

मामाला मात्र खेळ सुचला. "आपलं बी गुपित करू रं."

लहानपणी सुट्टीत मी त्याच्या लुनावर मागे बसून विहिरीतल्या मोटारी काढायला जायचो. कुठल्या विहिरीनंतर कुठली, तो क्रम आम्हा दोघांनाच ठाऊक. मग रोज दुकानातून आला की मामा फाटकातून हाक मारायचा, "शिवा... जांभळाची." दुसऱ्या दिवशी, "शिवा... खारी." विहीर बरोबर असली की मी एका हाकेला ओ द्यायचो. "लेकरावानी काय खेळता," म्हणून मामी चिडायची. पुढची विहीर तिला कधीच ओळखता आली नाही, आणि मामा मिशीत हसायचा.

एक दिवस मामा "चिंचेची" म्हणत आला, त्याच संध्याकाळी जेवताना त्याचं तोंड वाकडं झालं. वाचा गेली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. तिथे धाकटा मामा थांबला आणि मामीला त्याने बळंच घरी पाठवलं, जरा पाठ टेक म्हणून. मी पुस्तक उघडून बसायचो, पण अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. मामा परत यावा, बाकी काही नको, असं झालं होतं.

अशाच एका दुपारी फाटकातून आवाज आला. "शिवा... बुडकी."

मामाचा आवाज... अगदी मोकळा, आजाराच्या आधीचा. आणि चिंचेचीच्या पुढे बुडकीच होती, ओढ्याकाठची छोटी विहीर. वाचा आली, घरी सोडलं! मी "ओ" देतच धावलो.

फाटकात कुणी नव्हतं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उन्हात रिकामा पडला होता.

मामी ओसरीत डाळ निवडत होती. तिने काहीच ऐकलं नव्हतं, फक्त माझी ओ ऐकली होती.

"कुनाला ओ दिलीस?"

"मामानं हाक मारली."

"किती डाव?"

"एकदाच."

तिने खांबाला धरलं. "काय म्हन्ले?"

"बुडकी."

"बराबर हाय का ती?"

चुकीची होती, कुणीतरी तोतया होता, असं म्हटलं असतं तर बाईला अजून थोडा वेळ आशा राहिली असती. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला खोटं बोलणं जमलं नाही.

"बराबर हाय, मामी."

ती आत गेली, स्टो बंद केला आणि अंगणात येऊन बसली. रडलो मी, ती नाही. बऱ्याच वेळाने एसटीडी बूथवाले सलीमभाई आले. टोपी हातात घेऊन फाटकातच घुटमळत राहिले.

"भाभी, जरा प्यायला पानी मिळंल का?"

"बसा भाई," मामी म्हणाली. "आमाला कळलंय."

परीक्षा मी पुढे दिली, पासही झालो. मामीही आता नाही. पुढची विहीर मला माहीत होतीच, तेव्हा माझ्याच डोक्याने ती हाक ऐकवली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण मग त्याच दुपारी कशी? आणि तिकडे दवाखान्यात मामाने प्राण सोडल्यावर लगेच कशी?

गावी गेलो की सलीमभाई अजून विचारतात, "फोन तर माझ्याच बूथवर आलता. माझ्या आदी तुमाला कुनी सांगितलं?"

मामानं, म्हणतो मी. याहून जास्त मलाही माहीत नाही.