महालावरून दाखवलेलं रान

चांदबिबीच्या महालावरून काय दिसतं, हे मला सांगता येणार नाही. मी वर जाऊन आलेलो आहे.

नगरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. पाहुणा येतो, हातपाय धुतो, चहा पितो, खिडकीशी उभा राहून लांब डोंगरावरच्या त्या दगडी मनोऱ्याकडे बघतो आणि विचारतो, "ते बघण्यासारखं आहे का हो?" खरा नगरकर "आहे की" म्हणतो आणि स्वतः जन्मात तिकडे फिरकत नाही. घरबसल्या दिसणारी गोष्ट मुद्दाम चढून जाऊन कशाला बघायची? (शिवाय तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. कुणा जुन्या सरदाराची ती कबर आहे. पण नगरकराने एकदा नाव ठेवलं की ठेवलं.) मी मात्र गेलो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन दुष्काळात, आणि तेही स्वतःचं लग्न जमवायला.

मी तेव्हा नगरला एका कचेरीत कारकून होतो. घर आणि रान डोंगराच्या पलीकडे, गावी. नेवाशाकडची एक मुलगी बघून आलो होतो. सुमन तिचं नाव. तिने पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली, खाली मान घालायच्या ऐवजी एकदा सरळ माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीत आवक टपालावर जावकचे शिक्के मारू लागलो. साहेबांनी दोनदा बोलावून झापलं. दोन्ही वेळा मी हसत बाहेर आलो.

आता तिच्याकडची माणसं आमचं घर-रान बघायला येणार होती. आमच्याकडे या भेटीचे नियम कडक. रान बघून होईस्तोवर पाहुणे मुलाच्या घरी गोड तोंडात घालत नसत. चहासुद्धा "आत्ताच झाला" म्हणून टाळायचे. रान मनास आलं की मग गूळपाणी, आणि गूळ खाल्ला म्हणजे सोयरीक जमली. पाहुणे गुळाला हात न लावता पिशवी उचलून निघाले, की मुलाने दुसरीकडे बघायला लागायचं. आणि त्या वर्षी आमचं रान कुणाला दाखवण्याच्या लायकीचं नव्हतं. विहिरीत कबुतरं राहायला आली होती आणि तीही पाण्यावाचून जागा सोडायच्या बेतात होती.

घरात बैठक बसली. वडील, म्हणजे दादा, भिंतीला टेकून बसले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. बोलत होता फक्त भाऊमामा. आईचा हा धाकटा भाऊ जन्मभर दुसऱ्यांची लग्नं जमवत आला होता. (त्यातली किती टिकली, हे त्याला विचारायची पद्धत नव्हती.)

"रान दाखवायचं," मामा म्हणाला. "पन लांबून."

"लांबून म्हंजे कुठून?" दादांनी विचारलं.

"महालावरून."

आईचा हात सुपातच थांबला. "तिथं वर हाय तरी काय?"

"वरून धा कोस मुलूख दिसतोय म्हनं. त्यातलं बरंसं रान बघायचं आन् बोट दाखवायचं."

"तू कधी गेल्तास वर?"

"मी कशाला जाऊ? माझं लग्न झालंय."

मग तो मनोरा बघण्यासारखा आहे की नाही, यावर आमच्याकडे तास-दीड तास चर्चा झाली. दादांच्या मते त्यात काही नव्हतं. आईच्या मते वर मुंजा होता. मामाच्या मते त्याच्याइतकी भारी गोष्ट जिल्ह्यात दुसरी नव्हती. तिघांपैकी वर कुणीही गेलेलं नव्हतं, त्यामुळे कुणालाच माघार घ्यावी लागली नाही.

"मामा, पण हे खोटं होईल," मी म्हणालो.

"खोटं कुठं? आपन निस्तं बोट दाखवायचं. बोटाला काय सातबारा लागतो?"

मला खरी काळजी वेगळीच होती. मला उंची सोसत नाही. माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला सांगितली, तर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मला देव आठवतो. हे फक्त आईला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि सुमनची पोह्यांची बशी डोळ्यांसमोर आणून मी म्हणालो, "जाऊ या."

ठरल्या दिवशी नेवाशाच्या एस.टी.तून पाहुणे उतरले. सुमनचे वडील आबा आणि आबांची थोरली बहीण, म्हणजे सुमनची आत्या. आबा सडसडीत, पांढरा फेटा, बोलणं मोजकं. आत्या नऊवारीत, दातांना मिश्री, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. त्यांना घ्यायला दादा आणि मी होतो, मामाने ओळखीतली एक जीप आणली होती. स्टँडबाहेर येताच त्याने डोंगराकडे हात केला.

"आधी महाल बघू, आबा. मग घरी."

"बघन्यासारखं हाय का काय?" आबांनी विचारलं.

"म्हंजे काय! एकदा बघितलं की मानूस परत जात न्हाई."

आबांनी या वाक्यावर थोडा विचार केला. "आन् रान?"

"रान बी तिथूनच दिसतं. एका खेपेत दोन्ही कामं."

"रान वरून बघायचं?" आत्या म्हणाली. "आमच्याकडं ढेकूळ फोडून बघत्यात."

"तिकडची रीत वेगळी असंल," मामा म्हणाला आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसला.

जिथवर जाईल तिथवर जीप नेली, पुढे पायी चढलो. डोंगर पसरट असल्यामुळे तिथवर मला काही झालं नाही. मनोरा जवळून बघितला आणि देव आठवला. आठ बाजूंचा, मजल्यावर मजले, सगळीकडे उघड्या कमानी, आणि वर जायला भिंतीच्या पोटातून अंधारा जिना. मी आत्याच्या टाचांवर नजर ठेवून चढलो. टाचा थांबल्या तेव्हा वर उजेड होता, भन्नाट वारा होता, आणि कठडा म्हणता येईल असं काही मला तरी दिसलं नाही. मी एका खांबाला पाठ लावली, दोन्ही हात मागे नेऊन तो धरला आणि डोळे मिटून घेतले.

"आबाबाबा," आबा म्हणाले. "लई दिसतंय की."

"मग?" मामाचा आवाज फुगला. "दत्ता, दाखव आपलं रान."

खरं तर दाखवायचं काम मामाचं ठरलं होतं. पण नवरदेवाने बोट दाखवलं तर वजन पडेल, असं त्याला आयत्या वेळी सुचलं. मी खांबावरचा एक हात सोडवला. तो सुटायला तयार नव्हता. शेवटी डोळे तसेच मिटून हात समोर केला.

"ते काय. ते काळंभोर दिसतंय ना, ते."

दादा खोकले.

"हे?" आबांनी सावकाश विचारलं.

"व्हय."

"आन् इहीर?"

मला वाटलं बोट चुकलं असावं. म्हणून तो हात मागे घेऊन खांब धरला आणि दुसरा हात सोडून दुसऱ्या बाजूला दाखवला. "ती काय, तिकडं."

"म्हंजे रान महालाच्या ह्या अंगाला, इहीर त्या अंगाला," आबा म्हणाले. "मग पानी रानात न्यायला पाट महालावरून काढलाय का?"

"जरा वारं हाय ना, हात हालतोय त्याचा," मामा म्हणाला. "दत्ता, पुन्यांदा दाखव. नीट दाखव."

मी पुन्हा दाखवलं. मनापासून दाखवलं. माझं बोट पहिल्याच जागी गेलं आणि मी म्हणालो, "हेच. आता पक्कं."

मला काय माहीत, त्या खांबाशी उभं राहिलं की समोर उत्तर दिशा येते! आबा धपकन खाली बसले, हे मला नुसत्या आवाजावरून कळलं.

"दाजी," ते दादांना म्हणाले, "आता सरळ बोला. पोरानं दोनदा बोट दाखवलं ते नेवाशाकडं. तिकडं रान हाय ते आमचं. तुमाला पोरीसंगं जमीन पायजे असंल, तर तसं त्वांडानं सांगा. इतक्या वर आनून बोट दाखवायचं काम न्हवतं."

"आवं, न्हाई, न्हाई," दादा म्हणाले.

"तसं न्हाई आबा," मामा म्हणाला, "पोराच्या मनात तुमच्याविषयी लई..."

"मामा, तुमी थांबा. मी पोराला इचारतो. पावनं, तुमाला काय पायजे?"

सोयरीक मोडली, हे मला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं. सुमन, तिची ती सरळ नजर, सगळं त्या वाऱ्यावर उडून चाललं होतं. काहीतरी शोभेसं बोलायला हवं होतं. तोंडातून आलं ते असं, "आबा, मला जमीन नको. मला काहीच नको. मला फक्त खाली न्या."

मग आत्याचा आवाज अगदी नाकासमोर आला.

"अगं बया. ह्याचं तर डोळं मिटल्यात."

तिने माझी बोटं एकेक करून खांबावरून सोडवली, मनगट धरलं आणि मला जिन्यात नेलं. उभ्याने उतरणं मला जमेना. मग आम्ही बसून उतरलो, म्हणजे मी बसून. आत्या पुढे, मी तिच्या मागे एकेक पायरी सरकत, आणि माझी कचेरीची पांढरी विजार भिंत आणि पायऱ्या दोन्ही पुसत. आत्याने वेळ फुकट घालवला नाही.

"इहिरीला पानी हाय?"

"न्हाई."

"अजिबात?"

"कबुतरं हायेत."

"रानात काय?"

"ढेकळं. औंदा पेरलंच न्हाई."

"मग वर काय दाखवत हुतास?"

"मामानं सांगितलं हुतं."

"दारू पितोस?"

"न्हाई."

"तंबाखू?"

"कधीमधी. आईला ठाऊक न्हाई."

"पोरगी आवडली का?"

"लई," मी म्हणालो. त्या जिन्यात तिने सरकारी गुपितं विचारली असती, तरी मी सांगून टाकली असती.

पाय जमिनीला लागले तेव्हा मी डोळे उघडले. बाकीचे खाली आले होते. मामा दगडाकडे बघत होता. आत्याने आबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तंबाखूचं जरा मोठ्याने सांगितलं, दादांनाही ऐकू गेलं.

"मग रान बघायचं ऱ्हायलंच की," आबा म्हणाले.

"चला," दादा म्हणाले. "कोरडं हाय. पन बघा."

गेलो. आबांनी एक ढेकूळ उचलून फोडलं, हाताने चोळलं, वास घेतला. विहिरीच्या काठावर ओणवे होऊन आत बघितलं. कबुतरं फडफडून उडाली. मी मागे दहा पावलांवर उभा होतो.

"या पावनं, बघा की आत," आबा म्हणाले.

"मी बघितलीय."

"इहिरीतबी डोळं मिटून बघता का?"

आणि त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना बघितलं. हसले तरी काय ठरवलं ते बोलले नाहीत. घरी येऊन ओसरीवर बसले. आईने तांब्याभर पाणी ठेवलं. गूळ पुढे ठेवायचा धीर तिला झाला नाही. ताटली पदराखाली धरून ती दारातच उभी राहिली. आबा पाणी प्यायले, त्यांनी फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं, कोपऱ्यातल्या पिशवीकडे हात नेला. मी दुसरीकडे बघायच्या तयारीला लागलो. त्यांनी पिशवी उचलली, मांडीजवळ घेतली, त्यातून पानाची चंची काढली आणि आईला म्हणाले, "गूळ आनलायसा तर द्या की. का तोबी लांबूनच दाखवनार?"

आबांनी होकार का दिला, हे मला लग्नानंतर सुमनकडून कळलं. रानातून घरी येताना आत्या त्यांना हळूच म्हणाली होती, "पानी काय, आज न्हाई तर उद्या यील. पन ह्या पोराला खोटं बोलायचं तर डोळं मिटावं लागत्यात. आपली पोरगी सुखात ऱ्हाईल." पुढे विहिरीला पाणी आलं, रानही पिकलं. सुमन मात्र आत्याचं वाक्य विसरली नाही. कचेरीतून यायला उशीर झाला आणि मी कारण सांगू लागलो, की ती अजून म्हणते, "इकडे बघून सांगा."

महालावर ती मुलांना घेऊन कितीदा जाऊन आली. मी खाली पिशव्या राखतो.

परवा आत्या आमच्याकडे राहायला आली होती. आता कमरेत वाकली आहे, नजर तीच. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी खिडकीतून डोंगराकडे बघत विचारलं, "ते वरती बघण्यासारखं आहे का हो?" मी "आहे की" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "मला नका इचारू बाई. मी गेल्ते वर, पन महाल कुठं बघितला? मी आपली ह्याच्याकडंच बघत हुते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.