हानाची हिंदी आणि मामाजींचा संशय

जिच्यावर संशय घेता येणार नाही अशी एकही गोष्ट माझ्या थोरल्या मामाजींना सबंध आयुष्यात सापडली नाही. टीव्हीवर पाऊस पडतोय असं सांगितलं की ते गच्चीवर जाऊन हात बाहेर काढून बघत. एका डॉक्टरचं औषध खरं की खोटं हे दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेत आणि मग दुसऱ्याबद्दल पहिल्याला विचारत. बुद्धविहारात वंदनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना त्यांचा एक डोळा दाराबाहेरच्या चपलांवर असे. जबलपूरच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे ते नेमकं काय बनवत होते हे त्यांनी मामीलासुद्धा सांगितलं नाही. मामी म्हणायची, "काय बनवत होते देव जाणे. भाजी तं नव्हते बनवत, तेवढं मी खात्रीनं सांगते."

त्यांचा संशय खरा ठरे अशी एकच जागा होती, ती म्हणजे मराठी मालिका. केबलवर मराठी वाहिनी यायला लागल्यापासून घमापूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात रोज संध्याकाळी मालिका लागत, आणि पहिल्याच भागात मामाजी सांगून टाकत, "हा जावई चांगला नाही." मालिकेत चांगलं कोणीच नसल्यामुळे ते कधी चुकले नाहीत.

अशा माणसाच्या घरात मामीनं वरची खोली एका इथिओपियाच्या मुलीला भाड्यानं दिली. हाना तिचं नाव. शेतकी शिकायला आली होती. कॉलेजात सगळं इंग्रजीत, म्हणून इथली भाषा शिकायला ती संध्याकाळी खाली येऊन मामीशेजारी बसे आणि मालिका बघे. मामाजींनी महिनाभर टीव्हीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहिलं. एक दिवस मला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन हळूच म्हणाले, "जबलपुरात राहाचं तं माणूस हिंदी शिकते. ही मराठी काहून शिकून राहिली? कोणी पाठवलं हिला?"

मी हसलो, पण प्रश्न बिनतोड होता. हाना खरोखर झपाट्यानं मराठी बोलायला लागली होती, आणि तीही मालिकेतली. मामीबरोबर बाजारात गेली असताना भाजीवाल्यानं नरम टोमॅटो पिशवीत टाकले, तर त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "या पापाची फळं तुम्हाला भोगावी लागतील!" त्या बिचाऱ्यानं घाबरून सगळे टोमॅटो बदलून दिले. "कौन से देश की भाषा है, दीदी?" असं त्यानं मामीला विचारलं, तेव्हा मामी हसून हसून बेजार झाली. हानाला मात्र आपली भाषा उत्तम चालते अशी खात्री पटली.

खरी गोष्ट कळली ती जबलपूरजवळच्या सिहोऱ्यामुळे. कॉलेजनं मुलांना तिकडच्या शेतकऱ्यांशी बोलून माहिती गोळा करायला पाठवलं होतं. हानानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला गव्हाबद्दल स्वच्छ मराठीत विचारलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि सुनेला म्हणाला, "बहू, पानी ले आ, इनको धूप लग गई है." बरोबरची मुलं पोट धरून हसली. त्या संध्याकाळी हाना मालिकेला खाली आली नाही. मामी वर गेली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "मामी, मी इतके दिवस बोलते, ती हिंदी नाही?"

टीव्हीवरची ती शुद्ध हिंदी आणि बाजारात ऐकू येते ती तिची गावठी बोली, असं ती धरून चालली होती. आता कॉलेजात तोंड दाखवायचीही तिला लाज वाटत होती.

मामी खाली आली ती थेट टीव्ही बंद करून मामाजींसमोर उभी राहिली. "ही हिंदी समजून मराठी शिकून राहिली, हे तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"आलं होतं. पण मला वाटलं, ढोंग करून राहिली."

"ढोंग! तुमचा पोरगा घरात हिंदी बोलते. नातू 'दादाजी, क्या बोल रहे हो' म्हणते. या घरात एक पोरगी तुमच्याशी मराठीत बोलून राहिली, तं तिच्यावरबी संशय?"

  

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मामाजी वरच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "चल. सिहोऱ्याची बस पकडू." तिथे हाना मराठीत विचारी, मामाजी ते हिंदीत त्या शेतकऱ्याला विचारत आणि उत्तर परत मराठीत तिला सांगत. फक्त प्रत्येक उत्तराला आपली पुस्ती जोडत. "चार वेळा पाणी दिलं म्हणते. पण मला नाही वाटत." शेतकऱ्याला तेवढं मात्र बरोबर समजलं. "दादा, हम झूठ काहे बोलेंगे?" हाना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पुढे मामाजींनीच तिला हिंदी शिकवली. बाहेर ती हिंदी बोलायची, घरात पाऊल टाकलं की मराठी. संध्याकाळी दोघं मिळून मालिकेतल्या माणसांवर संशय घेत. पुढेपुढे तर मामाजींच्या आधी तीच म्हणे, "ही नणंद चांगली नाही, मामाजी." आणि मामाजी मान डोलावत.

शिक्षण संपवून ती निघाली तेव्हा मी मामाजींबरोबर स्टेशनवर गेलो होतो. त्यांनी तिचं तिकीट दोनदा वाचलं, बॅगेची साखळी ओढून पाहिली, समोरच्या प्रवाशाला कुठून आलात, कुठे चाललात हे विचारून घेतलं. गाडीनं शिट्टी दिली तशी हाना दारात येऊन म्हणाली, "मामाजी, येते मी."

"येते असंच म्हणतात सगळे," मामाजी म्हणाले.

गाडी निघाली. फलाट रिकामा झाल्यावर मी म्हणालो, "चला, मामाजी."

"थांब जरा," ते रुळांकडे बघत म्हणाले. "गाडी खरंच गेली का, पाहू दे."

शेवटचा डबा केव्हाच दिसेनासा झाला होता.