ओली हीर

गोखिवऱ्याजवळच्या त्या पाड्यात, सत्त्याहत्तर सालाच्या सुमारास, काडीमोडीची भाषा कोण करत नसे! भाकरी करपली की काडीमोड, नवरा उशिरा आला की काडीमोड. शत्रुघ्नकाकांना या सैल तोंडांची भारी चीड. ते म्हणत, तोंडानं बोलून काडी मोडत नाही, पंचांपुढं हातानं मोडावी लागते. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. ऐन पंचविशीत त्यांनी आणि जिजानं अशीच काडी मोडली होती. जिजानं पुढं दुसरं घर केलं, सुखानं नांदली. काका मात्र तेव्हापासून एकटेच, आपल्या हातानं भात रांधून खात.

त्या वर्षी नथूनं बायकोची, बायजाची, दुभती शेळी आगाशीच्या बाजारात देऊन ट्रान्झिस्टर आणला. बायजानं आकाशपाताळ एक केलं आणि माहेर गाठलं. दोघंही हट्टाला पेटली, काडीमोडच पाहिजे म्हणाली. रविवारी सकाळी देवळापुढं पंच बसले. काडी आणायचं काम नेहमीप्रमाणे काकांचं. त्यांनी माडाच्या झावळीची हीर, पातीच्या मधली लांब काडी, आणली आणि अट घातली, विळा नाही, दात नाही, नुसत्या हातानं दोन तुकडे करायचे.

नथूनं हीर वाकवली, पिळली, गुडघ्यावर घेतली. त्याचे कान लाल झाले, पण हीर काही तुटेना. हाताची घडी घालून बसलेल्या बायजाला राहवेना.

"आन इकडं. याला सरपन तरी कदी मोडता आला?"

तिनंही जोर लावून पाहिला. मग एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, आणि ओढाओढ सुरू झाली. नथूचा पाय घसरला आणि तो धपकन मातीत बसला. बायजाला हसू फुटलं ते आवरेना. नथूही हसला. बसल्या जागेवरूनच म्हणाला, शेळी परत आणतो, ट्रान्झिस्टर जाऊ दे चुलीत. पंच चहा पिऊन उठले.

सगळे पांगल्यावर बायजा काकांजवळ आली. हीर अजून तिच्या हातात होती.

"काका, ही ओली हाय. सकालीच काडलेली."

"हां," काका म्हणाले. "माज्या टायमाला सुकी व्हती. लगेच मोडली."

इतक्या वर्षांत जिजाबद्दल ते एवढंच बोलले. बायजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुपारी काकांनी चूल पेटवली नाही. नथूच्या घरी त्यांचं पान वाढलं होतं.