फजितीच्या गाण्यांची अनसूकाकू

अनसूकाकू टीव्हीशी भांडायची. नुसती पुटपुटायची नाही, चांगली खणखणीत भांडायची. परीक्षक पडद्यावर आला की ती आधी डोक्यावरचा पदर नीट करायची, मांडीवरचं डाळीचं सूप बाजूला सारायची आणि सुरू व्हायची. "काऊन रे, तूच एकटा शाहाणा हायेस का? पोट्टं रडून राह्यलं, दिसत नाही?" वडनेर भोलजीला आमची आणि तिची भिंत एकच. माझ्या आईकडे नवखं कुणी आलं तर विचारायचं, शेजारी काय झालं हो. आई सांगायची, "काही नाही, अनसूचा कार्यक्रम लागला."

गाण्याचे, नाचाचे, हसवण्याचे, एका घरात माणसं कोंडून त्यांना एकमेकांवर सोडायचे, असे सगळे कार्यक्रम ती बघायची. ज्यात कुणाची तरी फजिती होते, तो तिचा विशेष लाडका. परीक्षकाला शिव्याही द्यायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर टीव्हीही लावायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, मुलगी अकोल्याला. मी एकदा म्हटलं, "काकू, इतका राग येतो तर बघतेस कशाला?" त्यावर तिनं जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही. "घरात भांडाले कोणी राह्यलं नाही, म्हणून लोकायचं पाह्यतो. अन् खरं सांगू का, दुसऱ्याची फजिती पाह्यली का आपली जराशी हलकी वाटते." एवढं बोलून ती डाळ निवडायला लागली.

फजिती हा तिचा स्वतःचाही प्रांत होता. लग्नात विहिणीला चिडवायची गाणी म्हणावीत तर अनसूकाकूनंच. आमच्याकडे विहिणीला इहीन म्हणतात आणि व्याह्याला इवाई. नवरीकडच्या बायका जेवणाच्या पंगतीत वरमायेवर गाणी म्हणतात, मग वरमायेकडच्या बायकांनी उलटून म्हणायचं, अशी ती जुगलबंदी. काकू मांडवात आली की नवरदेवाकडच्या बायका सावरून बसत. ती आधी तासभर गप्प बसून सगळं पाहून घेई. इहिणीनं काय नेसलंय, कशी चालते, कुणावर डाफरते, ताटात काय ठेवते. मग हळूच सूर लावायची.

माझ्या लग्नात माझी सासू हे तिचं सावज होतं. सासूबाई नाशिककडच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, कडक म्हणजे इतक्या कडक की माझे वडीलसुद्धा त्यांच्याशी बोलताना हाताची घडी घालत. त्या दिवशी उन्हामुळे त्यांनी काळा गॉगल लावला होता. आईनं काकूला आधीच विनवून ठेवलं होतं की बाई, यांच्यावर म्हणू नको, शहरातली माणसं आहेत. काकूनं मान डोलावली आणि पंगतीत बुंदी येताच सुरुवात केली:

"इहीन आली मोटारीत, गॉगल तिच्या डोयाले,
गॉगल काढून पाह्यते बाई, भजे किती राह्यले."

मांडव हसला. आई पांढरीफटक. सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांच्याकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण उलटून म्हणायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. काकूनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली, पंगत ओलांडून सासूबाईंच्या बाजूला जाऊन बसली आणि त्यांच्या वतीनं स्वतःवरच गाणं म्हणाली:

"वडनेरची अनसू गाते, गाव सारं ऐकते,
घरचं दूध उतू गेलं, मांजर बसून चाटते."

सासूबाई आधी गालात हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही खामगावला राहतो, तिथं त्या आल्या की अजूनही विचारतात, "तुमच्या त्या मांजरवाल्या काकू कशा होत्या गं." होत्या, असंच विचारतात आता. काकू जाऊन वर्ष होत आलं.

लग्नाच्या दिवशी रात्री आईनं तिला फैलावर घेतलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी गॉगलले हसली, डोयाले नाही. गॉगल बाईनं दुकानातून आणला, डोया देवानं देल्ला. अन् तिच्याकून कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलली. ज्याले उलटून बोलता येत नाही त्याले चिडवणं म्हंजे बांधेल बैलाले हाणणं." आईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं काकूला बुंदीचा डबा भरून दिला.

कुणाच्या तरी लग्नातलं तिचं असं एक गाणं पोरांनी मोबाईलवर टिपलं आणि ते गावोगाव फिरलं. मग एक दिवस मुंबईहून फोन आला. हसवण्याचा एक कार्यक्रम होता, त्यात साधी माणसं येऊन आपली कला दाखवत आणि तीन परीक्षक खुर्चीत बसून ती पारखत. आवडलं नाही की भोंगा वाजवत. काकू तो न चुकता बघायची. त्यांना काकू पाहुणी म्हणून हवी होती. मला वाटलं, ती धुडकावून लावेल. ती मला फोनवर म्हणाली, "तुह्याजवळ ते पैठणी कलरचं लुगडं हाये ना? घेऊन ये." मग मीच तिला घेऊन शेगावहून गाडीत बसले.

त्या स्टुडिओत काकूला रंगवायला आत नेलं आणि मला प्रेक्षकांत बसवलं. चित्रीकरणाआधी एक तरुण समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता सगळ्यांनी टाळ्या वाजवा, आता आश्चर्य दाखवा, आता पोट धरून हसा. समोर रिकामा रंगमंच, आणि शे-दोनशे माणसं त्याच्या हुकमावर हसतायत. काकूला तोवर पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. ते दृश्य पाहून तिला खरंच हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मागे वळून मला म्हणाली, "पाह्य वं, बिनकामाचे हसून राह्यले."

मग मंगला आली. संग्रामपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, नुकतं लग्न झालेली, अंगणवाडीत मदतनीस. लहान मुलांना गाणी म्हणून दाखवायची, तीच इथं म्हणणार होती. तिनं तोंड उघडलं आणि सूर कुठल्या कुठे गेला. आवाज मोठा, जीव ओतलेला, पण सूर नाही म्हणजे नाहीच. दुसऱ्या ओळीला भोंगा वाजला. मधल्या खुर्चीतला चकचकीत कोटवाला परीक्षक म्हणाला, "मुलं झोपतात की पळून जातात?" सगळे हसले. मंगलाला वाटलं, तो कौतुक करतोय. तीही हसली. मग तो तिच्या उच्चारांवर गेला, मग नवऱ्यावर, मग सासरच्यांच्या कानांवर. तेव्हा तिला कळलं. ती पाय मागे घेईना, पुढेही येईना. हातातला माईक मात्र तिनं खाली केला नाही.

आता काकूची पाळी होती. ती उभी राहिली, मंगलाकडे पाठ केली आणि कोटवाल्याकडे बघत म्हणाली:

"जरीचा कोट इवायाले, खुर्ची गरगर फिरते,
गाणं म्हण म्हटलं का भोंगा तेवढा मारते."

काय हशा पिकला म्हणून सांगू. बाकीचे दोन परीक्षक टेबल बडवायला लागले. काकू म्हणाली, "आता तुम्ही म्हणा, साहेब. उलटून म्हणा लागते, तसाच रिवाज हाये." कोटवाला नुसता पाणी प्यायला. मंगला रडता रडता हसत होती. मला काकूचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईचा हात मी दाबून धरला होता.

परतीच्या गाडीत काकूनं आतली गोष्ट सांगितली. रंगवायच्या खोलीत मंगला आणि ती शेजारी बसल्या होत्या. मंगलानं सासूनं दिलेला लाडू तिला खाऊ घातला, पदराला पिन लावून दिली, सासूनं हौसेनं पाठवलं म्हणून सांगितलं. मग तिथल्या एका मुलीनं काकूला बाजूला बोलावलं. "आजी, ती बेसूरच आहे, म्हणूनच निवडलीय. तिला माहीत नाही. तुम्ही तिच्यावर झणझणीत गाणं म्हणा, रडली तर फारच छान." काकू हे सांगताना संतापानं लाल झाली होती. "मंग मी म्हटलं, थांबा, दावतो तुमाले झणझणीत."

तो भाग लागला त्या दिवशी काकूच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मीही मुद्दाम गेले होते. मंगला आली, गायली, भोंगा वाजला. कोटवाला सासरच्यांच्या कानांवर बोलला. आणि पडद्यावर काकू दिसली. पोट धरून हसणारी, डोळे पुसणारी काकू. पुन्हा मंगलाचा रडवेला चेहरा, पुन्हा हसणारी काकू. मग जाहिराती लागल्या. जाहिरातींनंतर दुसराच माणूस नाचायला लागला. काकूचं गाणं आलंच नाही. ते रिकाम्या रंगमंचासमोरचं हसू त्यांनी उचलून इथं चिकटवलं होतं.

घरात टाळ्या पडल्या. कुणी काकूला पेढा भरवायला आलं. तिला कुणी नावं ठेवली नाहीत, उलट शाळेनं शाल-नारळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. लोकांना काकू टीव्हीत दिसली, बस. मला सांगावंसं वाटतं की हेच या कार्यक्रमांचं खरं विष आहे. खोटं दाखवतात त्याहून वाईट हे, की बघणाऱ्याला ते खोटं खटकतच नाही, कारण फजिती आपली नसते. काकूनं पेढा हातात धरून ठेवला आणि एवढंच म्हणाली, "ती पोट्टी पाह्यत असंन." सत्काराला ती गेली नाही. परीक्षकाशी भांडणंही बंद झालं. आईला भिंतीपलीकडची ती शांतता सहन होईना, तिनंच मला फोन करून बोलावून घेतलं.

काकूला एकच करायचं होतं. मंगलाला गाठायचं आणि तिच्या तोंडावर सांगायचं की मी तुला हसले नाही. आम्ही बसनं संग्रामपूरला गेलो, तिथून रिक्षानं तिच्या खेड्यात. वाटेत काकू फक्त एकदा म्हणाली, "तिनं दारात उभं नाही केलं तर?" मी म्हटलं, मग परत येऊ. "नाही," ती म्हणाली, "मंग दाराबाहेरून सांगू."

मंगलानं दारात उभं केलं. नुसतं उभं नाही, चटई टाकली, पाणी दिलं. तिची सासू कोपऱ्यात बसली होती. तीच म्हणाली की गल्लीतली पोरं आता हिच्या मागं भोंग्याचा आवाज काढतात, आणि अंगणवाडीत हिनं गाणं बंद केलंय. मंगला समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. काकूनं सगळं सांगितलं. ते हुकमाचं हसू, ते चिकटवणं, आपलं कापलेलं गाणं. सासूला तर तिनं ते कोटावरचं गाणं म्हणूनच दाखवलं, आणि सासू हसलीही. "तिथली पोट्टी मले म्हणे का हिच्यावर म्हण, हिले रडव. मी म्हटलं, हट."

मंगला ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मले माहीत हाये, काकू, तुम्ही हसल्या नाही. मी समोरच उभी होती ना."

काकूनं सुटकेचा श्वास टाकला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मी पिशवी उचलायच्या बेतात होते.

"पण काकू," मंगला शेंग फोडता फोडता म्हणाली, "त्या पोरीनं तुमाले आधीच सांगितलं होतं ना, का मले काहाले बोलावलं म्हणून? मंग मले काऊन नाही सांगितलं? मी तुमच्या बाजूलेच बसून होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काकूकडे पाहिलं. गाडीत ती सगळी हकीकत ऐकताना हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. भर मांडवात सात-आठ बायका एकदम अंगावर आल्या तरी ओळीला ओळ लावणारी ही बाई. तिनं समोरची एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली. सासूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते काकूनं हातानंच थांबवलं.

"सांगितलं असतं तर तू घरी निंघून आली असती," ती म्हणाली. "तू आली असती तर माहं गाणं झालं नसतं. मलेबी टीव्हीत दिसायचं होतं, पोरी."

बाहेरून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मंगलानं सुपातल्या अर्ध्या शेंगा काकूच्या पुढ्यात सारल्या.

"मलेबी," ती म्हणाली.