भरलेला दिसणारा कालवा

आटपाडीच्या पूर्वेला, मोठ्या कालव्यातून निघालेल्या एका फाट्यावर, पाण्याच्या वर आडव्या लोखंडी पाइपाला भोंग्यासारखं एक यंत्र लटकतं. ते पाण्याला शिवत नाही. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज ते खाली सोडतं, तो पाण्यावर आपटून परत येतो आणि त्याला यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते कळतं. धनगरवस्तीनं त्याचं नाव ‘समीचा भोंगा’ ठेवलं होतं, कारण तो सांभाळायला पुण्याच्या कंपनीनं वस्तीतल्याच समीक्षाला नेमलं होतं.

समीक्षानं कराडला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. तिचा बाप धुळा जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकून तो कृष्णाकाठाला उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचा. कालव्याला पाणी आलं, त्यानं डाळिंबाची बाग लावली आणि त्याचं फिरणं थांबलं. बापाला या पाण्यानं घर दिलं. लेकीला मात्र त्याच पाण्यानं अडकवून ठेवलं होतं. कालवा सुटला की तिला वस्ती सोडता येत नसे. बॅटरी बघायची, सोलरची काच पुसायची, यंत्राच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं काढायचं. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, की पाणी सोडण्याच्या या आवर्तनातले आकडे स्वच्छ आले तर तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत घेऊ. ती त्या एका वाक्यावर दिवस काढत होती.

काम तिला मनापासून आवडायचं, हेही खरं. भोंग्याजवळच्या पेटीतला डेटा लॉगर ठरावीक वेळेला जागा होई, भोंग्याला बारा व्होल्ट देई, आकडा टिपून पुन्हा वीज तोडी. सतत वीज दिली तर ढगाळ दिवसांत बॅटरी बसायची. सुरुवातीला आकडे उड्या मारायचे. वीज मिळाल्याबरोबर भोंगा गडबडतो, त्याला जरा सावरू द्यावं लागतं, हे तिनं आठवडाभर कालव्यावर बसून शोधलं आणि लॉगरला तेवढं थांबायला शिकवलं. तेव्हापासून आलेखावरची रेघ कशी सरळ येत होती.

कालवा सुटलेला असतानाही खंडेनवमीला ती कराडला मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेली. दसऱ्याला संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटबंधाऱ्याच्या कार्यालयातून फोन आला. नवमीच्या सकाळपासून फाटा काठोकाठ भरल्याचा आकडा येत होता. भराव फुटेल म्हणून कार्यालयानं वरचं गेट खाली पाडून पाणी बंद केलं. प्रत्यक्षात फाट्यात निम्मंच पाणी होतं, ते गेट पाडल्यावर आणखी आटलं आणि खालच्या गावाची पाण्याची पाळी कोरडी गेली. खालचे लोक आता उघड बोलत होते, की वरच्यांनी मोटारी लावून पाणी ढापलं आणि ते लपवायला भोंग्यापुढं काहीतरी धरलं. कार्यालयाला माणूस हवा होता. नाव मिळालं की पोलिसांत तक्रार जाणार होती.

समीक्षा धावत कालव्यावर गेली. भोंगा आता बरोबर आकडा दाखवत होता. पण पेटीच्या झाकणावर भंडारा लागला होता, पिवळाधमक, स्क्रूच्या खाचांत बसलेला. पाइपाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती आणि गाठीत झेंडूची एक वाळकी पाकळी. दोरा खाली तुटलेला. माळ पाण्यात पडून वाहून गेली असणार. ती गाठ ओळखायला तिला वेळ लागला नाही, ती तिनं लहानपणापासून बघितली होती. कोकराला दावं लावताना तिचा बाप तशीच गाठ मारायचा.

ती तिथंच कालव्यावरच्या फळीवर बसली. सगळं कळलं. वस्तीवर खंडेनवमीला विळा-कुऱ्हाड पुजतात, मोटार पुजतात, ट्रॅक्टरला माळ घालतात. लेक घरी नव्हती, म्हणून तिचं हत्यार बापानं पुजलं होतं. माळ भोंग्याच्या खाली लोंबत राहिली, आवाज पाण्यापर्यंत पोचलाच नाही, झेंडूवरूनच लवकर परत फिरला आणि पाणी काठापर्यंत आल्यासारखं दिसलं.

तिनं दोरा तोडून खिशात घातला आणि काय सांगायचं ते जुळवायला लागली. वायर सैल झाली म्हणावं, तर वीज न मिळालेला भोंगा काहीच बोलत नाही, भरलेला कालवा दाखवत नाही. बॅटरी बसली म्हणावं, तर लॉगर स्वतःच बॅटरीचा आकडा टिपतो आणि तो उत्तम होता. भोंगा बिघडला म्हणावं, तर आता तो बरोबर कसा चालतो? दोन दिवस एका जागी ठाम राहिलेली ती रेघ एकच गोष्ट सांगत होती, की पुढ्यात काहीतरी लटकत होतं. तिनंच ही रेघ इतकी खरी केली होती, की तिला आता खोटं बोलायला फट राहिली नव्हती.

कंपनीचे साहेब फोनवर खूश होते. म्हणाले, यंत्र निर्दोष आहे, छेडछाड झालीय, कुणी केली तेवढं लिही, पुणं पक्कं समज.

दुपारी कार्यालयाची जीप आली. उपअभियंता वीरधवल साहेब मूळचे इस्लामपूरचे, स्वभावानं वाईट नव्हते, पण खालच्या गावात लोकांनी त्यांना तासभर घेरलं होतं आणि तो राग अजून उतरला नव्हता. त्यांनी पेटी पाहिली, पाइप पाहिला. खाचांतला पिवळा रंग त्यांना दिसला की नाही, तिला कळेना.

“तू हुशार आहेस,” ते म्हणाले. “पुढ्यात काहीतरी होतं हे तुलाही माहिती, मलाही. नाव सांग. नाहीतर मी तुझंच लिहितो.”

समीक्षा खिशातला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

तेवढ्यात धुळा आला. साहेब आलेत म्हणून तो किटलीत ताक घेऊन आला होता. लेक खाली मान घालून उभी आहे हे बघून तो थबकला. काय झालं विचारलं. चालकानंच सांगून टाकलं, की भोंग्यापुढं कुणीतरी काहीतरी बांधलं होतं.

“माळ व्हय?” धुळा म्हणाला. “आवं, ती म्याच घातली हुती. खंडेनवमी नव्हं का. पोरीचं हत्यार हाय त्ये, बिनपुजंचं कसं ठिवायचं?” मग सगळ्यांचे चेहरे बघून हळूच म्हणाला, “वंगाळ झालं का काय?”

समीक्षानं वर बघितलं. साहेबांच्या मागं जीप उभी होती आणि तिच्या बॉनेटवर वाळलेली झेंडूची माळ तशीच होती.

“साहेब,” ती म्हणाली, “ती माळ पण काढायची राहिलीय.”

साहेबांनी वळून बघितलं. चालक पलीकडं तोंड करून हसला. मग साहेब धुळाच्या हातचं ताक प्यायले आणि समीक्षाला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याचं नाव ते लिहिणार नव्हते. पण खालच्या गावाला काहीतरी दाखवावं लागणार होतं. ते लिहिणार होते, की देखरेख कमी पडली. आणि यापुढं योजना चालू आहे तोवर यंत्राची जबाबदारी समीक्षावर, नावानिशी. जागा सोडायची नाही. चालेल का, असं त्यांनी विचारलं खरं, पण तिच्याकडं न बघता.

“चालेल,” ती म्हणाली.

संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. देखरेखीत कमी पडलेली मुलगी प्रयोगशाळेत कशी घेणार, असं ते म्हणाले. ते त्यांनाही बरं वाटत नव्हतं. तिनं बापाला एवढंच सांगितलं, की पुण्याचं काम लांबलं. धुळाचा चेहरा उजळला. तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर कालव्यावर आला. भोंग्यापासून चार हात लांब उभा राहून त्यानं विचारलं, की फुडल्या सालाला माळ कुठं बांधावी, म्हंजे यंत्राला आडवी यायची न्हाई.

समीक्षानं सोलरचा खांब दाखवला. “हितं बांधा, आबा. हितं काय होत नाही.”

“म्या कशाला,” तो म्हणाला, “तू हायस की हितंच.”

पेटीत बारीक टक् असा आवाज झाला. लॉगरनं भोंग्याला वीज दिली. ती सवयीनं थांबली, त्याला सावरू दिलं आणि आकडा बघायला वाकली.