बुटांना माती नव्हती

शिलाईवाल्या काकू बासष्टाव्या वर्षी दर रविवारी सकाळी फिरायला जाऊ लागल्या, तेव्हा सुनेला बरंच वाटलं. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची मान आखडली होती. "टेकडीवर जाते. चार बायका असतात सोबत," त्या म्हणाल्या.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीतली खाडाखोड तिच्या नजरेतून सुटत नसे, तिथे हे कसं सुटणार? तिसऱ्या रविवारी तिने पाहिलं, सासूबाईंच्या बुटांचे तळ कोरे करकरीत होते. आणि केस ओले.

"घाम गं," काकू म्हणाल्या.

घामाला शेवाळाचा वास येतो?

मग एका दुपारी काकूंनी खोलीचं दार लावून काहीतरी शिवलं. केराच्या डब्यात निळ्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या चिंध्या निघाल्या. असं कापड कुठल्याच गिऱ्हाइकाने दिलेलं नव्हतं. त्यात दुकानातला सहकारी सहज बोलून गेला, "तुमच्या सासूबाई कानाचे थेंब घेऊन गेल्या." घरात तर कुणाचाच कान दुखत नव्हता.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रत्येक दोर दोनदा तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आई बाथरूममध्ये घसरल्यापासून तो तिला स्टुलावरही चढू देत नव्हता.

पुढच्या रविवारी सून गुपचूप मागे निघाली. काकू टेकडीकडे वळल्याच नाहीत. त्या तळ्याच्या वाटेने झाडीत दिसेनाशा झाल्या. सून काठावर पोहोचली तर दगडावर नीट घडी केलेले कपडे, शेजारी बूट. माणूस नाही. "आई!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

पार मधोमध एक डोकं वळलं. काकू संथपणे हात मारत आल्या आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, निळ्या पोशाखात.

"माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"तुम्ही खोटं बोललात."

"बोलले. खरं सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?"

आठवडाभर सुनेने तोंड मिटून ठेवलं, पण आता नवऱ्याला वास लागला. आपण खोलीत शिरलो की दोघी गप्प होतात, हे त्याने हेरलं. "तुमचं काय शिजतंय?" त्याने विचारलं, आणि तिने सांगून टाकलं.

तो तडक आईच्या मशीनपाशी गेला. "उद्यापासून बंद."

काकूंनी सुई वर घेतली, धागा तोडला. "लग्नाआधी मी रोज पोहायचे. तुझ्या बाबांना आवडेना, म्हणून सोडलं. आता तुला आवडत नाही. या वेळी नाही सोडणार."

रविवारी तो केशरी रंगाचा तरंगता फुगा घेऊन तळ्यावर आला. त्याची दोरी आईच्या कमरेला स्वतः बांधली, तीनदा ओढून पाहिली. काकूंनी मुकाट्याने बांधू दिली. मग त्या पोहत निघाल्या. तो पँट भिजवत पाण्यात उभा राहिला, त्या केशरी ठिपक्यावरची नजर न हलवता.

पलीकडच्या काठाला लागून काकूंनी हात वर केला.

"अरे, हात तरी कर," सून म्हणाली.

"आधी परत येऊ दे," तो म्हणाला.