आलिंग रुफिनाचा पिवळा रस

आजारी माणसाला काय होतंय, हे आलिंग रुफिना, म्हणजे गल्लीची रुफिनामावशी, कधी विचारत नसे. ती विचारायची, "सी घेतलंस?" सर्दीला सी, गुडघ्याला सी, कुणाचा नवरा घर सोडून गेला तरी त्या बाईला सी. मिंदोरो बेटावरच्या त्या गल्लीत सी जीवनसत्त्वाची तिची गोळी चुकवणारा एकच माणूस होता, तिचा नवरा कुलास. तोसुद्धा नाही म्हणत नसे. गोळी गालात धरायचा आणि मागच्या दाराने कोंबड्यांना टाकायचा. कोंबड्या मात्र ठणठणीत होत्या.

पण तिचं नाव होतं ते कलामन्सीच्या रसामुळे. सुपारीएवढी ती हिरवी लिंबं सगळ्यांच्याच परसात. पण रस साखरेत उकळून, जिनच्या पारदर्शक बाटल्यांत भरून, खिडकीत भर उन्हात मांडायची ती फक्त रुफिना. "कपाटात लपवायला तो काय कुलासचा पगार आहे?" ती म्हणे.

यंदा गावच्या जत्रेला बिशप येणार होते, आणि त्यांच्या जेवणात रस रुफिनाचा, असं चर्चच्या बायकांच्या मंडळाने ठरवलं होतं. रुफिनाने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. फक्त जो भेटला त्याला सांगितली.

आणि जत्रा जवळ आली तसा रस रंग सोडायला लागला. आधी मधासारखा झाला, मग चहासारखा.

मंडळाची अध्यक्षीण पुरिता खिडकीशी थांबली. देवाला मध्ये घातल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे. "देवाच्या कृपेने सगळं ठीक ना, आलिंग? रस जरा आजारी दिसतोय. सी दिलंत का त्याला? नाहीतर देवाच्या कृपेने माझ्या जावेकडे संत्र्याचं सरबत आहेच."

पुरिता टोमणा मारून गेली. रुफिनाने तो औषध म्हणून घेतला. कापलेल्या सफरचंदाला सी लावलं की ते काळं पडत नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने औषधाच्या दुकानातून सीची पांढरी पूड आणली, सगळ्या बाटल्या मोठ्या पातेल्यात रिकाम्या केल्या, मुठीने पूड घातली, पुन्हा उकळी आणली आणि बाटल्या परत उन्हात मांडल्या.

तिची भाची जोनालिन कालापान शहरातल्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकत होती. ती घरी आली, पातेल्याशेजारची सीची पूड बघितली आणि कपाळाला हात लावला.

"तिया, काय केलंत हे? सफरचंदाचं वेगळं. त्याला काळं करणारी विकरं असतात, सी त्यांना अडवतं. तुमच्या रसातली विकरं उकळताना केव्हाच मेली. आता जे मोडतंय ते सीच. ऊन आणि आंबटपणा मिळून त्याचे तुकडे पडतात, ते तुकडे रसातल्या अमिनो आम्लांना धरतात आणि रंग येतो. तुम्ही आगीत सरपण टाकलंत."

"सी मोडतं?" रुफिना म्हणाली. "उद्या म्हणशील, बिशप खोटं बोलतो."

"सावलीत तरी ठेवा. शीतपेटीत ठेवा."

"म्हणजे लोकांना वाटायचं, रस वारला."

जत्रेपर्यंत रस मिट्ट तपकिरी झाला. रुफिनाने त्यातल्या त्यात उजळ बाटली निवडली, फडक्यात गुंडाळली आणि बिशपचं जेवण होतं त्या पाद्र्यांच्या घरी नेली. रंगीत काचेच्या सुरईत ओतला की कुणाला कळणार नाही, असा बेत. पण ती सुरई शोधायला वळली तेवढ्यात कुलासने मदत म्हणून फडकं सोडलं आणि बाटली टेबलावर, भाजलेल्या डुकराच्या शेजारी नेऊन ठेवली.

बिशपनी वास घेतला. कलामन्सी. रंग पाहिला. काळा. कलामन्सी आणि काळा म्हणजे सोया सॉसमधलं तोंडीलावणं, दुसरं काय असणार? त्यांनी ते कुरकुरीत कातडीवर सढळ हाताने ओतलं, चावलं आणि डोळे मिटले.

"गोडसर. थोडं कडवट. सोया तर लागतच नाही. हे कुणी केलं?"

पुरिताने रुफिनाकडे पाहिलं. जोनालिनने पायाकडे पाहिलं. खरं सांगावं तर रस नासला हे गावासमोर कबूल. न सांगावं तर आयुष्यभराचा पिवळा रस गेला.

"आमच्या घरचं आहे, मोन्सिन्योर," रुफिना म्हणाली. "आजीच्या हातचं वळण."

"देवाच्या कृपेने," पुरिता गोड आवाजात म्हणाली, "आणि प्यायचा रस कुठाय?"

"रस? उन्हातून आलेल्या माणसाला आंबट? घसा धरेल त्यांचा. पाणी दे त्यांना, पुरिता."

कुलासला ठसका लागला. जन्मात पहिल्यांदा बायकोने एका घशाला सी नाकारलं होतं.

पडले तरी नाक वर, ते हे असं. आता खिडकीतल्या बाटल्यांवर 'बिशपचं तोंडीलावणं' अशी चिठ्ठी असते, आणि पुरिताची जाऊसुद्धा ते गुपचूप घेऊन जाते. फक्त गेल्या पावसाळ्यात ऊनच पडेना, तेव्हा रुफिनाने कालापानला फोन लावला.

"जोनालिन, रस अजून पिवळाच आहे मेला. सी किती टाकलं की लवकर काळा होतो म्हणालीस?"

"तिया, मी टाकू नका म्हणाले होते."

"तेच ते. मी पहिल्यापासून तेच सांगत होते तुला."